वर्गणीची वही आणि चामड्याचे जाकीट

समाजाने दूर लोटलेल्या माणसांची संस्था बाहेरच्या मोठ्या देणगीवर नव्हे, तर तिच्याच सभासदांच्या लहान वर्गणीवर टिकते, हे प्रस्तुत व्याख्यानाचे प्रतिपादन असून त्यासाठी अमेरिकेतील समलिंगी पुरुषांच्या लेदर क्लबांचा इतिहास आधाराला घेतला आहे. लेदर क्लब म्हणजे चामड्याची जाकिटे व बूट ही आपली खूण मानणाऱ्या, परस्परसंमतीला सर्वाधिक महत्त्व देणाऱ्या आणि सुरुवातीच्या काळात तरी मोटारसायकलींवरून एकत्र भटकणाऱ्या पुरुषांचे मंडळ. महायुद्धोत्तर अमेरिकेत अशा पुरुषांवर पोलिसांच्या धाडी पडत आणि ओळख उघडकीस आल्यास नोकरी जाण्याची भीती असे.

लॉस एंजेलिसमध्ये १९५४ साली स्थापन झालेला 'सॅटर्स' हा अशा क्लबांपैकी सर्वांत जुना मानला जातो. शिकागोत चक रेन्स्लो यांच्या पुढाकाराने १९७९ पासून 'इंटरनॅशनल मिस्टर लेदर' ही स्पर्धा भरू लागली आणि १९९१ मध्ये याच परंपरेची कागदपत्रे जपणारे संग्रहालय उभे राहिले. क्लबांची निधी उभारण्याची रीत साधी होती: ठरावीक रक्कम घेऊन बारमध्ये बिअरची मैफल भरवायची, सोडतीची तिकिटे विकायची, सभासदांनीच दिलेल्या वस्तूंचा लिलाव करायचा. १९८१ नंतर एड्सने मित्रांमागून मित्र जाऊ लागले, तेव्हा हीच सवय कामी आली. सॅन फ्रान्सिस्कोत १९८२ मध्ये स्थापन झालेल्या 'एड्स इमर्जन्सी फंड'ने आजारामुळे उत्पन्न बुडालेल्या रुग्णांचे घरभाडे व विजेची बिले भरली आणि त्यासाठी लागणाऱ्या पैशाचा मोठा वाटा बारमधल्या अशाच कार्यक्रमांतून आला. १९८४ मध्ये सुरू झालेल्या फॉल्सम स्ट्रीटच्या जत्रेतही प्रवेशद्वारावरच्या ऐच्छिक देणग्या सेवाभावी संस्थांना देण्याची पद्धत रुजली.

हा विषय श्रीवर्धनच्या व्यासपीठावर कशाला, अशी कुजबुज मागच्या रांगांतून ऐकू येते आणि ती स्वाभाविक आहे. तिचे उत्तर असे की, गिरणगावातल्या खोल्यांत राहून, नाटकाची तिकिटे खपवून गावच्या देवळाला आणि शाळेला पैसे पाठवणाऱ्या कोकणी ग्रामस्थ मंडळांना ही रीत कोणी शिकवावी लागत नाही. (हशा) हा हशा ओळखीचा असेल, तर त्यातच मान्यताही आली.

वर्गणीअभावी काय होते, ही उलट बाजूही महाराष्ट्रातच सापडते. बाणकोटच्या खाडीपलीकडील दापोली तालुक्यातल्या मुरूडच्या कर्वे घराण्यातील रघुनाथ धोंडो कर्वे यांनी संततिनियमनाच्या प्रचारापायी प्राध्यापकी सोडली आणि जुलै १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक काढले. वाचकांच्या खासगी, लैंगिक प्रश्नांना ते निःसंकोच उत्तरे देत आणि समलिंगी संबंधांकडे पाप म्हणून पाहण्यास नकार देत. अशाच उत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, बचावाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले, तरी शिक्षा चुकली नाही. त्यांची उत्तरे लपूनछपून वाचणारे पुष्कळ होते, मात्र उघडपणे वर्गणीदार म्हणून नाव नोंदवण्याचे धैर्य थोड्यांकडे होते. परिणामी कर्व्यांनी पदरमोड करून, प्रकृतीची हेळसांड सोसून मासिक चालवले आणि १९५३ मध्ये त्यांच्या निधनाबरोबर ते बंद पडले. एकट्या माणसावर एवढा भार टाकणाऱ्या सुशिक्षित मराठी समाजाचा हा दोष आहे, आणि तो स्पष्ट शब्दांत नोंदवणे आवश्यक आहे.

कर्व्यांवरच बराच वेळ गेल्याने आणि अध्यक्षांची चिठ्ठी आल्याने मुंबईचा भाग थोडक्यात आटोपावा लागत आहे. अशोक राव कवी यांनी १९९० मध्ये 'बॉम्बे दोस्त' हे नियतकालिक सुरू केले, १९९४ मध्ये 'हमसफर ट्रस्ट' स्थापन झाला, त्याला वाकोल्यात महापालिकेची जागा मिळाली आणि एड्स-प्रतिबंधासाठी सरकारी व परदेशी निधीही आला. त्या निधीने अनेकांचे प्राण वाचले हे निर्विवाद असले, तरी असा निधी मुख्यतः आरोग्यासाठी असतो; मैत्री, आसरा आणि म्हातारपण यांची तरतूद त्यात क्वचितच बसते. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून वगळल्यानंतर उघडपणे वर्गणी देण्यातली कायद्याची भीती उरलेली नाही.

पुण्यात २००२ साली 'समपथिक ट्रस्ट' स्थापन करणारे बिंदुमाधव खिरे यांचे कार्य वेळेअभावी राहून जात आहे. त्यांची 'पार्टनर' ही कादंबरी आणि 'इंद्रधनु' हे पुस्तक गावच्या वाचनालयाने मागवावे, आणि त्यांची किंमत येथे जमलेल्यांनी वर्गणी काढून, आपली नावे वहीत लिहून भरावी, अशी विनंती आहे.