कोरडी हवा आणि ओली ताटी



दोन वर्षांपूर्वींच्या वैशाखांतील गोष्ट. माझा नातू मुंबईहून सुटीसाठीं पुण्यास आला होता. एके रात्रीं दोनच्या सुमारास तो रडत उठला. पाहतों तों उशीचा अभ्रा रक्तानें माखलेला. घोळणा फुटला होता. घरांत एकच धांदल उडाली. कोणी मान मागें टाकावयास सांगितलें, कोणी कांदा फोडून हुंगावयास आणला. हे उपाय जुने खरे. परंतु मान मागें टाकणें अपायकारकच, कारण त्यामुळें रक्त घशांत उतरतें. मुलास ताठ बसवून किंचित पुढें वांकवावें व नाकाचा मऊ भाग दहा मिनिटें चिमटींत धरून ठेवावा. तरीहि रक्त न थांबल्यास वैद्यकीय मदत घ्यावी, हें डॉक्टरांनीं दुसऱ्या दिवशीं समजाविलें. मग त्यांनीं विचारलें, "मूल निजतें त्या खोलींतील हवा किती कोरडी आहे, हें आपण कधीं पाहिलें आहे काय?" पाहिलें नव्हतें, हें मला कबूल करावें लागलें.

तें पाहण्यास मोठेंसें यंत्र लागत नाहीं. दोन साधे तापमापक शेजारीं शेजारीं टांगावे. एकाच्या गोळ्यास मलमलीची ओली चिंधी गुंडाळावी, तिचें टोक पाण्याच्या वाटींत सोडावें आणि पंख्यानें थोडा वारा घालावा. पाण्याची वाफ होतांना उष्णता खर्चीं पडते, म्हणून ओला तापमापक खालीं उतरतो. हवा जितकी कोरडी, तितकें दोहोंतील अंतर अधिक. शिवाजीनगरांत ज्या चौकास पुणेकर अजूनहि 'शिमला ऑफिस' म्हणतात, त्याचें नांव १९२८ सालीं शिमल्याहून येथें आलेल्या हवामानखात्याच्या कचेरीवरून पडलें. तेथील शास्त्रज्ञांचेंहि हें परिचयाचें साधन. आमच्या खोलींत दुपारीं चार वाजतां कोरडा तापमापक ३८ अंश दाखवीत होता आणि ओला २०. कोष्टकांत पाहतां आर्द्रता अवघी १८ टक्के भरली. मुंबईच्या दमट हवेंत वाढलेलें नाक अशा हवेंत आंतून सुकून चिरलें, तर नवल काय?

पुष्कळ घरीं यावर खाटेखालीं पाण्याचें घंगाळ ठेवतात. आम्हींहि ठेवलें. सकाळीं पातळी बोटभरसुद्धां उतरलेली नव्हती! वाफ निघते ती पाण्याच्या उघड्या पृष्ठभागावरून; सांठा किती आहे, याच्याशीं तिला कर्तव्य नाहीं. ३० सेंटिमीटर व्यासाच्या घंगाळाचें तोंड म्हणजे चौरस मीटरचा जेमतेम चौदावा भाग. उलट १८० सेंटिमीटर लांब व ९० रुंद असा पंचा दोरीवर पसरला, तर त्याच्या दोन्ही बाजू मिळून सव्वातीन चौरस मीटर भरतात. म्हणजे घंगाळाच्या चाळीस पटींहून अधिक. आमचे आजोबा उन्हाळ्यांत ओलें धोतर माजघरांतच वाळत घालीत आणि त्यावरून आजीचीं बोलणींहि खात. हिशेब मात्र आजोबांच्या बाजूचा होता.

आतां पाणी किती लागतें तें पाहूं. ४ मीटर लांब, ३ रुंद व ३ उंच अशा खोलींत ३६ घनमीटर हवा मावते. रात्रीं २८ अंशांवर तिची आर्द्रता २५ टक्क्यांवरून ४५ वर न्यावयाची, तर सुमारें २०० ग्रॅम, म्हणजे पेलाभर, पाणी तींत मिसळावें लागतें. परंतु फटींतून हवा सारखी बदलते, आणि ती जितक्या वेळां बदलेल तितके पेले पुन्हां लागतात. पंचा तर तास-दोन तासांत वाळून जातो. मध्यरात्रीं उठून तो भिजविणार कोण?

येथें मला देवळांतील गळती आठवली. ऐन उन्हाळ्यांत महादेवाच्या पिंडीवर भांडें टांगतात व त्याच्या बारीक छिद्रांतून थेंब थेंब पाणी ठिबकत राहतें. मीं प्रथम डब्यास छिद्रें पाडून पाहिलीं. पण पाण्यांतील क्षार सांचून तीं चार दिवसांत बुजलीं. तेव्हां छिद्रांचा नाद सोडला.

बुरूड आळींतून जाडजूड वेळू आणून तो उभा चिरला व आंतील पेरांचे पडदे फोडून मीटरभर लांबीची पन्हळ केली. टोकांचे पडदे तेवढे राखावे. अशा पन्हळींत सुमारें अडीच लिटर पाणी राहतें. तिच्या खालीं एका काठीवर मीटरभर रुंद व सव्वा मीटर लांब तरट शिवून टांगलें. नवें तरट पाणी धरीत नाहीं, कारण ताग कांततांना त्यास तेल लावलेलें असतें. म्हणून तें धुण्याच्या सोड्यांत उकळून दोनदां खळबळून घ्यावें. पैसे असतील त्यांनीं काष्ठौषधींच्या दुकानांतून वाळा आणून तो तरटावर टांचावा. सुवास येईल, ओलावा मात्र वाढणार नाहीं. मग जुन्या धोतराच्या चार बोटें रुंद अशा पांच-सहा पट्ट्या भिजवून त्यांचें एक टोक पन्हळींत व दुसरें तरटावर सोडावें. पट्टी पाणी वर ओढते आणि कांठावरून खालीं उतरविते. पाणी अधिक झिरपूं लागलें तर एक पट्टी काढावी. खालीं परात ठेवावी. भिजलेली ताटी बरीच जड होते, तेव्हां खिळा भिंतींत पक्का बसलेला असावा.

ती पश्चिमेच्या खिडकींत टांगावी, कारण पुण्यास संध्याकाळचा वारा तिकडूनच येतो. समोरचें दार थोडें उघडें ठेवावें. वाऱ्यास बाहेर पडण्यास वाट नसेल, तर तो आंत तरी कसा येणार? विजेचा पंखा लावणें झाल्यास तो थेंबांपासून दूर असावा. आमच्या ताटीनें दुसऱ्या दिवशीं चार वाजतां कोरडा तापमापक ३४ वर व ओला साडेएकवीसवर आणला. आर्द्रता एक तृतीयांशाच्या आसपास गेली. ५० टक्क्यांपुढें ती नेऊं नये. घरांत दम्याचा रोगी असेल, तर आधीं डॉक्टरांस विचारावें. मुलाच्या खाटेजवळ उकळत्या पाण्याचें भांडें ठेवण्याची चाल मात्र मला मुळींच मान्य नाहीं. झोपेंत एक लाथ बसली कीं पुरे.

परातींतील पाणी रोज सकाळीं झाडांना घालावें. डेंग्यूचा डांस अशाच स्वच्छ सांठ्यांत अंडीं घालतो, आणि आठ-दहा दिवसांत नवे डांस उडूं लागतात. तरट व पट्ट्या दर तिसऱ्या दिवशीं कडक उन्हांत वाळवाव्या, नाहींतर बुरशी धरते आणि तीच हवेंतून नाकांत जाते.

गेल्या उन्हाळ्यांत नातू पुन्हां आला. महिनाभरांत त्याचा घोळणा एकदांच फुटला, तोहि चेंडू लागून. याचें सारें श्रेय ताटीस देण्याइतका मी धीट नाहीं. डॉक्टरांनीं नाकांत लावावयास दिलेलें मलमहि होतेंच. मृगाचा पहिला पाऊस पडला त्या दिवशीं ताटी उतरविली, पन्हळ पुसून कोरडी केली आणि तरट कडुनिंबाच्या पाल्यांत गुंडाळून माळ्यावर टाकलें.