डॉक्टर शोधायचा, तो घरच्यांनी

नैराश्य आलेल्या माणसाला आपण सर्रास सांगतो, 'एखाद्या चांगल्या डॉक्टरला दाखव.' सल्ला बरोबर आहे, पण तो चुकीच्या माणसाला दिलेला असतो. ज्याला सकाळी अंथरूण सोडणं जड जातं, त्याने चौकशी करायची कशी, फोन लावायचा कसा आणि वेळ घ्यायची कशी? त्यात 'आता कशाचाच उपयोग नाही' असं वाटणं हे तर या आजाराचं लक्षणच. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्याच्या शंभरांपैकी सुमारे ८५ रुग्णांना उपचार मिळत नसल्याचं दिसलं. म्हणून आज मी बोलणार आहे ते घरच्यांशी. शोधाशोध तुम्ही करा.

सुरुवात आपल्या फॅमिली डॉक्टरांपासून करावी. थायरॉइड मंदावलं, अंगात रक्त कमी असलं किंवा बी-१२ घटलं, तरी थकवा आणि उदासपणा येतो. ते रक्त तपासून कळतं. पण दोन आठवड्यांहून अधिक काळ मन खचलेलं आहे, कशात गोडी नाही, झोप आणि भूक बिघडली आहे, असं असेल तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला हवं. ते एमबीबीएसनंतर या विषयात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम झालेले डॉक्टर असतात आणि औषधं देतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ बोलण्यातून उपचार करतात. त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे ना, हे जरूर विचारावं. सौम्य त्रासात नुसत्या बोलण्याच्या उपचारांनीही गुण येतो, तीव्र आजारात बहुधा दोन्ही लागतात.

खासगी दवाखाना परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयात किंवा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभागाची चौकशी करा. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथल्या मनोरुग्णालयांतही बाह्यरुग्ण विभाग आहेत. तिथे केस पेपर काढला म्हणजे माणूस भरती झाला, असं मुळीच नाही. कुठे जावं हेच कळत नसेल तर १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक रात्रंदिवस सुरू असतो. फोन मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

डॉक्टर योग्य आहेत हे ओळखायचं कसं? ते काय विचारतात, याकडे लक्ष द्या. 'झोप नसतानाही उत्साह उतू जातोय, पैसा वाटेल तसा खर्च होतोय, असे दिवस कधी आले होते का?' हा प्रश्न महत्त्वाचा, कारण आजार द्विध्रुवी, म्हणजे कधी नैराश्याचा तर कधी अशा अतिउत्साहाचा असला, तर तो नुसत्या नैराश्याच्या गोळ्यांनी बिघडू शकतो. दारू, इतर औषधं, घरात पूर्वी कुणाला झालेला असा त्रास, हेही विचारलं जावं. आणि जीव द्यावासा वाटतो का, हे स्पष्ट विचारलं जावं. विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून माणूस मोकळा होतो. तेव्हा सोबत जा, पण थोडा वेळ बाहेर बसा. तुमच्यासमोर तो सगळं सांगेलच असं नाही.

औषधाला गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. मळमळ, डोकेदुखी मात्र आधीच सुरू होऊ शकते. हे आधी समजावून सांगणारा डॉक्टर भला. बरं वाटल्यावरही गोळ्या काही महिने चालू ठेवाव्या लागतात. त्या मनाने एकदम बंद करू नका. डॉक्टर बदलायचे असतील तर जुने कागद घेऊन जा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला ते मागण्याचा हक्क दिला आहे.

जीव देण्याची भाषा कानावर आली तर मात्र चांगल्या डॉक्टरचा शोध बाजूला ठेवा. त्याला एकटं सोडू नका, जवळच्या रुग्णालयात तातडीने न्या.

एरवी पहिले डॉक्टर पटले नाहीत, असं होऊ शकतं. 'सगळे सारखेच' असं म्हणून रुग्ण तिथेच थांबेल, कारण त्याचा आजार त्याला थांबायलाच सांगतो आहे. तुम्ही थांबू नका. दुसऱ्या डॉक्टरांची वेळ घ्या.