बकरी चरते, पण भरत नाही



गटाच्या कर्जावर घेतलेली बेरारी बकरी पावसाळ्यात पोटभर चरूनही वाळायला लागली, की आपण ढेप वाढवतो. पण पोटात रक्त पिणारे जंत असले, तर खुराक वाया जातो. म्हणून आम्ही आधी तिच्या डोळ्याची खालची पापणी उलटून पाहतो. आतून लालसर असली तर ठीक. पांढरट दिसली किंवा जबड्याखाली सूज असली, तर त्याच दिवशी जनावरांचा दवाखाना गाठायचा, लेंडी तपासून घ्यायची. औषध अंदाजानं नको, वजनावर द्यायचं. कमी डोसानं सगळे जंत मरत नाहीत, उरलेले औषधाला दाद देत नाहीत. बकरी गाभण असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. चरायला दव वाळल्यावरच सोडा.

पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं पापणीचा रंग सांगायचा, बरं का!