पाऊल, पट्टा आणि घड्याळ

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त मोहाली येथे केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवात बोलावयास उभा राहिलेला वक्ता १७५८ साली सरहिंदेवरून लाहोरास गेलेल्या मराठी फौजेविषयी बोलेल, अशी आपली अपेक्षा असावी. आम्ही आपली थोडी निराशा करणार आहोत. आम्ही शिक्षणाने कला शाखेचे पदवीधर आणि पोटापाण्याने केंद्र सरकारच्या हिशेब-तपासणीच्या कामातले. विज्ञानाचा आम्हांस अधिकार नाही. परंतु दोन वह्यांतील आकडे जुळेनासे झाले म्हणजे काय होते, हे आम्ही तीस वर्षे पाहत आलो आहोत. आजचा विषय तसाच आहे. ट्रेडमिलवर धावणाऱ्याचे अंतर यंत्र एक दाखविते आणि त्याच्याच मनगटावरचे स्मार्टवॉच दुसरे दाखविते. विषय क्षुल्लक वाटेल. परंतु त्यापायी आमच्या हातून एका वडीलधाऱ्या भगिनीचे मन दुखावले गेले, म्हणून तो आम्ही मुद्दाम निवडला आहे.

मंडळास पन्नास वर्षे होतात, तर प्रत्येक सभासदाने एका महिन्यात पन्नास किलोमीटर चालावे अथवा धावावे, असा संकल्प गेल्या हिवाळ्यात आपण केला. नोंदवही आमच्याकडे आली. घड्याळाचा आकडा तेवढा ग्राह्य, असा नियम आम्हीच घातला. मोहालीचा जानेवारी आपणांस ठाऊक आहे. पहाटे धुक्यात समोरचे फाटक दिसत नाही. त्यामुळे बरीच मंडळी वसाहतीच्या व्यायामशाळेत ट्रेडमिलवर चढली. त्यांत सत्तरी ओलांडलेल्या एक काकू होत्या. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली. यंत्राचा दांडा घट्ट धरून त्या रोज चाळीस मिनिटे चालत. यंत्र दोन किलोमीटर दाखवी, मुलाने दिलेले घड्याळ एकही पुरा दाखवीत नसे. काकूंनी दोन लिहावयास सांगितले. आम्ही नियमावर बोट ठेवले. त्या एवढेच म्हणाल्या, “भाऊसाहेब, पाय माझे, घाम माझा, आणि साक्ष मात्र घड्याळाची?” त्यानंतर त्यांनी आकडे पाठविले नाहीत, आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवासही त्या आल्या नाहीत. घरापासून दीड हजार किलोमीटरांवर मूठभर कुटुंबे एकत्र येतात, तेथे एक रिकामी खुर्चीही लगेच दिसते.

तेव्हा कोठे आम्ही या दोन साक्षीदारांची उलटतपासणी आरंभिली.

ट्रेडमिलचा हिशेब सरळ आहे. पट्ट्याची लांबी ठरलेली. तो किती वेळा फिरला हे यंत्र मोटरीच्या अथवा रुळाच्या फेऱ्यांवरून ओळखते आणि गुणाकार करते. यंत्र माणसाकडे पाहतच नाही. यंत्र चालू ठेवून आपण बाजूस उभे राहिलो, तरी किलोमीटर वाढतच राहतील. शिवाय पट्टा सैल झाला, धावणाऱ्याच्या वजनाने तो दर पावलास किंचित अडला, किंवा यंत्रात भरलेला आकडा खऱ्या लांबीशी जुळत नसला, तर गुणाकार बरोबर असूनही उत्तर चुकते.

घड्याळाचा हिशेब निराळा. मैदानावर त्यास उपग्रहांचे साहाय्य असते. आपली जागा बदलते तशी रेघ पुढे सरकते. ट्रेडमिलवर मनुष्य तासभर धावला तरी जागेवरच असतो. तेथे उपग्रह काय सांगणार? मग घड्याळ आपल्या पोटातील ॲक्सिलरोमीटर नावाच्या चिपवर विसंबते. ती हाताच्या हेलकाव्यातील बदल टिपते. त्यावरून पावले मोजली जातात, आणि पावलाची लांबी उंचीवरून अथवा पूर्वीच्या धावण्यावरून अंदाजाने धरली जाते. पावले गुणिले पावलाची लांबी, म्हणजे अंतर. वेग बदलला की पाऊल लांबते अथवा आखडते आणि अंदाज ढळतो. हात दांड्यावर स्थिर राहिला, तर पावलेच धड मोजली जात नाहीत. काकूंच्या घड्याळाने काकूंचे पाय कधी पाहिलेच नव्हते. त्याने पाहिला तो स्थिर हात.

आम्ही पडताळा घेतला. यंत्र बंद ठेवून पट्टा हाताने सरकवीत फितीने मोजला, तो ३.२० मीटर भरला. कडेला खडूची खूण केली. आम्ही चालू लागलो आणि आमच्या कन्येने ती खूण शंभर वेळा परत येईतो मोजली. शंभर फेऱ्यांचे ३२० मीटर व्हावेत, यंत्राने ०.३३ किलोमीटर दाखविले, म्हणजे थोडे उदारपणे. हात मोकळे असता आमच्या घड्याळाने ०.२९ दाखविले. मग काकूंप्रमाणे दांडा धरून तितकेच चाललो, तेव्हा घड्याळ त्याच्या निम्म्यावरही पोचले नाही. आमचा नियम त्याच दिवशी आमच्यापुरता रद्द झाला.

ही पावले मोजण्याची रीत नवी नाही. येथून जवळच, डेहराडूनला सर्वेक्षण खात्याने तयार केलेले पंडित नैनसिंग रावत १८६५-६६ साली काठमांडूहून ल्हासापर्यंत यात्रेकरूच्या वेषात पायी गेले. त्यांच्या माळेत एकशे आठ नव्हे, शंभर मणी होते. शंभर पावले झाली की एक मणी. पुरी माळ म्हणजे दहा हजार पावले. पुढे १९६५ साली जपानात निघालेल्या पाऊलमापकाचे नावही दहा हजार पावलांवरूनच पडले. परंतु नैनसिंगांचे मर्म माळेत नव्हते. चढ असो वा उतार, पाऊल सारखेच पडावे, असा त्यांना आधी कसून सराव देण्यात आला होता. मनगटावरचे घड्याळ तीच माळ ओढते. फक्त आपल्या पावलास तो सराव नाही, ही गोष्ट ते विसरते.

म्हणून ज्यांना घड्याळ सोडवत नाही त्यांनी एवढे करावे. उघड्या, सपाट जागी वीसेक मिनिटे उपग्रहाच्या साहाय्याने चालून अथवा धावून घड्याळास आपल्या पावलाची ओळख करून द्यावी. ट्रेडमिलवर जमल्यास हात मोकळे ठेवावेत. परंतु तोल जाण्याची भीती असेल, तर आकड्यासाठी दांडा सोडू नये. यंत्राचा पट्टा आम्ही मोजला तसा एकदा मोजून घ्यावा. काही घड्याळांत धावणे संपल्यावर खरे अंतर भरण्याची सोय असते. तिचा उपयोग करावा.

आणखी एक गोष्ट. चंडीगडास दीर्घकाळ राहिलेले मिल्खासिंग १९६० साली रोमला चारशे मीटर धावले. हाताने दाबलेल्या घड्याळात त्यांची वेळ ४५.६ सेकंद भरली आणि विजेच्या घड्याळात ४५.७३. आकडे दोन, परंतु दोन्हींनी त्यांना चौथेच ठेवले, कारण प्रत्येक घड्याळ सर्व धावपटूंना सारखेच लागू होते. आमच्या नोंदवहीत मात्र कोणी मैदानावर उपग्रहाने मोजलेला, कोणी खोलीत मनगटाने मोजलेला, असे आकडे एकाच रकान्यात बसले होते. त्यांची बेरीज करणे हीच पहिली चूक होती.

कचेरीत दोन वह्या जुळेनाशा झाल्या, तर आम्ही आधी दोन्ही वह्या कोणत्या आधारावर लिहिल्या ते विचारतो. कारकुनावर ठपका ठेवण्याची वेळ फार उशिरा येते. ती साधी रीत आम्ही आमच्याच मंडळात, आमच्याच काकूंपुढे विसरलो.

फेब्रुवारीत आम्ही सपत्नीक त्यांच्या घरी गेलो आणि चूक कबूल केली. काकूंनी तिळगुळाचा डबा पुढे केला व म्हणाल्या, “उशिरा का होईना, घ्या.” मंडळाच्या वहीत आता अंतराचा रकाना नाही, मिनिटांचा आहे. चाळीस मिनिटे दांडा धरून चालणाऱ्याची आणि चाळीस मिनिटे मैदानावर धावणाऱ्याची नोंद तेथे सारखीच होते. या महिन्याच्या वहीत पहिले नाव काकूंचे आहे, आणि आज त्या पुढच्या रांगेत बसल्या आहेत.