समासात जपलेली भाषा

नवव्या शतकात प्रिशियन या व्याकरणकाराच्या लॅटिन ग्रंथाची नक्कल करीत असता, आयर्लंडच्या मठवासी लेखकांनी कठीण शब्दांचे अर्थ, शंकासमाधान आणि प्रसंगी वाईट शाईविषयीची कुरकुरदेखील आपल्या मातृभाषेत ओळींमध्ये व समासात लिहून ठेवली. आणि ज्यास आज आपण केल्टिक विद्या म्हणतो, त्या शास्त्राचा पाया या किरकोळ भासणाऱ्या टिपांवरच रचला गेला. ती पोथी आज स्वित्झर्लंडमधील सांक्ट गालेन येथे आहे. मायदेशी जुने ग्रंथ पुनःपुन्हा उतरले गेल्याने त्यांची भाषा पालटत गेली. परदेशी ग्रंथालयांतील अशा टिपांत मात्र तिचे प्राचीन रूप अविकृत राहिले. त्यांच्याच आधारे बव्हेरियाच्या योहान कास्पार झॉइस याने १८५३ साली केल्टिक भाषांचे पहिले शास्त्रशुद्ध व्याकरण सिद्ध केले.

या विद्येचा एक धागा हिंदुस्थानातही येतो. डब्लिनचा व्हिटली स्टोक्स १८६२ साली येथे आला, पुढे व्हाइसरॉयच्या कौन्सिलाचा कायदेसभासद झाला, आणि दिवाणी व फौजदारी कायद्यांचे मसुदे रचीत असतानाच कलकत्त्याहून प्राचीन आयरिश टिपांवरील ग्रंथ छापवीत राहिला. हिंदुस्थानातून परतल्यावर जॉन स्ट्रॅकन याच्या सहकार्याने त्याने १९०१ ते १९०३ या काळात त्या टिपांचा महासंग्रह प्रसिद्ध केला; प्राचीन आयरिशच्या विद्यार्थ्यास आजही त्याचा आधार घ्यावा लागतो.