अपुऱ्या दिवसांच्या बालकांची दृष्टी
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आपल्या संमेलनात विद्यार्थी-साहाय्य, वसतिगृह, वधूवरसूचना हे विषय दरवर्षी निघतात. आज आम्ही दिवस पुरे होण्यापूर्वी जन्मलेल्या बालकाच्या डोळ्यांविषयी बोलणार आहोत.

सातमाशी मूल पूर्वी क्वचितच जगे. आता पेटीत ठेवून व प्राणवायू देऊन अशी बालके वाचविता येतात. परंतु या यशाबरोबर एक संकटही आले. १९४२ साली बोस्टनचे नेत्रवैद्य थिओडोर टेरी यांनी अशा बालकांना येणाऱ्या अंधत्वाचे वर्णन केले. १९५१ मध्ये मेलबर्नच्या डॉ. केट कॅम्बेल यांनी प्राणवायूच्या अतिरेकाकडे बोट दाखविले. पुढे प्राणवायू मोजून देण्यात येऊ लागला, तरी संकट पुरते टळलेले नाही.

याचे कारण असे. डोळ्याच्या मागील दृष्टिपटलावर रक्तवाहिन्या गर्भाच्या चौथ्या महिन्यापासून पसरू लागतात आणि नवव्या महिन्याच्या सुमारास कडेपर्यंत पोहोचतात. लवकर जन्मलेल्या बालकात हे काम अर्धवट राहते. मग कधी कधी वेड्यावाकड्या वाहिन्या फुटतात, आणि त्यांच्या ओढीने दृष्टिपटल जागचे सुटू शकते. या विकारास आरओपी म्हणतात. बाहेरून मात्र डोळे काळेभोर व टपोरे दिसतात.

दृष्टिपटल हे गर्भावस्थेत मेंदूतूनच उगवते. तेथून निघणारे सुमारे दहा लाख तंतू मेंदूकडे जातात. म्हणजे शस्त्र न लावता मेंदूचा एक अंश पाहावयाचा, तर तो डोळ्यातच. १९९१ साली अमेरिकेत ओसीटी नावाचे तंत्र प्रसिद्ध झाले. सोनोग्राफीत ध्वनीचा प्रतिध्वनी मोजतात, येथे डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाचे परावर्तन मोजून दृष्टिपटलाचे पापुद्रे एकेक करून दाखवितात. ड्यूक विद्यापीठाच्या डॉ. सिंथिया टॉथ व त्यांचे सहकारी यांनी हातात धरावयाचे असे यंत्र बालकाच्या पेटीपाशी नेले. यंत्राचा स्पर्शही डोळ्याला होत नाही. पूर्ण दिवसांच्या बालकांपेक्षा या बालकांत तंतूंचा थर पातळ असतो, आणि त्या पातळपणाचा मेंदूच्या इजेशी व पुढील वाढीशी संबंध असल्याचे त्यांना आढळले. अर्थात एका चित्रावरून मुलाचे भविष्य सांगता येत नाही. हे अद्याप संशोधन आहे, निदान नव्हे.

परंतु नित्याच्या तपासणीस संशोधनाची वाट पाहावयाची गरज नाही. चौतीस आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या किंवा दोन किलोहून कमी वजनाच्या बालकाचे डोळे जन्मापासून तीस दिवसांच्या आत तपासावेत, आणि अतिलहान बालकाचे दोन-तीन आठवड्यांतच, असा आपल्या देशातील नियम आहे. थेंब घालून बाहुली मोठी करतात व दृष्टिपटल पाहतात. गरज पडल्यास लेसर किंवा इंजेक्शनचा उपचार दोन-तीन दिवसांतच करावा लागतो.

आणि येथेच आपली रूढी आड येते. बाळंतिणीने व बाळाने सव्वा महिना उंबरठा ओलांडू नये, असे आपण मानतो. आमच्याच आप्तांतील एक बालक सातव्या महिन्यात जन्मले. घरी पाठविताना दिलेल्या कागदावर डोळ्यांच्या तपासणीची तारीख लिहिलेली होती, परंतु सव्वा महिना पुरा व्हावा म्हणून आम्ही वडीलधाऱ्यांनीच ती पुढे ढकलली. पाचव्या महिन्यात आईला शंका आली की मूल दिव्याकडे पाहत नाही. तेव्हा उपचाराची वेळ निघून गेली होती. त्या घरात कोणी अडाणी नव्हते. उणीव होती ती केवळ माहितीची, आणि ‘आधी डॉक्टर’ असे म्हणण्याच्या धैर्याची. हा दोष आम्ही स्वतःकडे घेतो.

रूढी बाळाच्या रक्षणासाठीच निर्माण झाली. तेच रक्षण आज तपासणीने होत असेल, तर उंबरठा ओलांडण्यात अधर्म कसला? २०१३ साली आपल्या पालघर येथे आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातही या विकाराचा समावेश आहे. म्हणून शासकीय रुग्णालयातही चौकशी करावी.

आमची विनंती एवढीच. पाचवी व बारसे आपण विसरत नाही, त्यांच्या जोडीला तिसावा दिवसही स्मरणात असू द्या. ज्या घरी अपुऱ्या दिवसांचे बाळ येईल, तेथे आपल्या महिला शाखेने बाळंतविडा घेऊन जाताना तपासणीची तारीख अवश्य विचारावी, आणि सोबतीस कोणी नसल्यास स्वतः बरोबर जावे. ज्ञातीतील एका जरी बालकाची दृष्टी त्यामुळे वाचली, तरी हे संमेलन सार्थकी लागले असे आम्ही समजू.