तळ्याचा नकाशा आणि आकाशांतील डोळा



मीं पस्तीस वर्षें मुलांना भूगोल शिकविला. त्या काळांतील एका चुकीची कबुली देऊन आजच्या विषयास आरंभ करतों. एकदां एप्रिल महिन्यांत मीं वर्गाला गांवाचा नकाशा काढावयास सांगितलें. एका मुलानें गांवचें तळें छापील नकाशांतल्या तळ्याच्या निम्मेंच काढलें. मीं रागें भरलों, तेव्हां तो हळूच म्हणाला, "गुरुजी, तळें आतां एवढेंच उरलें आहे." तरीहि मीं त्याला तें नकाशाबरहुकूम पुन्हां काढावयास लाविलें. आज वाटतें, मुलाचें खरें होतें. नकाशा एका दिवसाची साक्ष देतो. तळें मात्र दररोज बदलत असतें.

नकाशाची ही उणीव भरून काढण्याचें काम आज उपग्रह करीत आहेत. २३ जुलै १९७२ रोजीं अमेरिकेनें 'लँडसॅट' मालिकेंतील पहिला उपग्रह सोडला. आपल्या देशानें १९७९ सालीं 'भास्कर' हा प्रायोगिक उपग्रह पाठविला, आणि १७ मार्च १९८८ रोजीं सोव्हिएत रशियांतील बैकोनूर येथून 'आय.आर.एस.-१ए' आकाशांत गेला. सुमारें ९०४ किलोमीटर उंचीवरून तो उत्तर-दक्षिण फेऱ्या घाली. खालीं पृथ्वी फिरत असल्यामुळें प्रत्येक फेरींत निराळा पट्टा त्याच्या दृष्टीखालीं येई, आणि बावीस दिवसांनीं तो पुन्हां त्याच जागेवर त्याच वेळीं हजर होई. हें नेमानें परत येणें, हाच त्याचा खरा गुण.

त्याच्या कॅमेऱ्यांत फिल्म नव्हती. जमिनीचे लहान लहान चौरस पाडून प्रत्येक चौरसांतून किती प्रकाश येतो हें तो आंकड्यांत मोजी, आणि ते आंकडे हैदराबादजवळील शादनगरच्या केंद्राकडे रेडिओलहरींनीं पाठवी. त्याच्या एका कॅमेऱ्याचा चौरस ७२.५ मीटर बाजूचा, म्हणजे सव्वा एकराहून किंचित् मोठा होता. पुढें २००५ सालच्या 'कार्टोसॅट-१' नें हा चौरस अडीच मीटरांवर आणला.

शिवाय हा डोळा आपणांस न दिसणारा प्रकाशहि पाहतो. निरोगी पान तांबडा प्रकाश शोषून घेतें, पण तांबड्यापलीकडील अवरक्त किरण मोठ्या प्रमाणांत परत फेंकतें. पाणी मात्र ते किरण गिळून टाकतें. छापतांना या अदृश्य किरणांस तांबडा रंग देण्याची प्रथा आहे. म्हणून अशा चित्रांत हिरवें शेत लाल आणि स्वच्छ तळें काळें दिसतें. १९७० च्या सुमारास प्रा. पिशारोटी यांनीं केरळांत नारळीच्या रोगट झाडांचा शोध याच तत्त्वावर, हेलिकॉप्टरमधून छायाचित्रें घेऊन केला होता.

पावसाळ्यांत ढग आड येतात, आणि पुराचा अंदाज हवा असतो तोहि नेमका तेव्हांच. त्यावर उपाय म्हणजे रडार. त्याच्या लहरी ढगांतून आरपार जातात आणि रात्रींहि काम करतात. ३० जुलै २०२५ रोजीं श्रीहरिकोटा येथून सोडलेला भारत-अमेरिकेचा 'निसार' उपग्रह याच जातीचा आहे.

मग आतां गांवांतल्या माणसाला विचारण्याचें कारण उरलें नाहीं काय? तसें नव्हे. उपग्रहाचें चित्र पाण्याचा विस्तार दाखवितें. तळाशीं किती गाळ सांचला आहे, हें सांगत नाहीं. तळ्यावर जलपर्णी माजली, तर तिचीं पानें शेतासारखींच लाल उमटतात, आणि भरलेलें तळें हिरवें रान समजलें जाण्याचा संभव असतो. यासाठींच या शास्त्रांतील जाणते लोक चित्रावर विसंबून न राहतां प्रत्यक्ष जमिनीवर जाऊन पडताळा घेतात. हें न केल्यास टंचाईच्या वर्षीं कागदावर एक पाणी असेल आणि घागरींत दुसरेंच.

मागें एका जुन्या विद्यार्थ्यानें मला आमच्या तळ्याचीं दोन उपग्रह-चित्रें दाखविलीं. एक नोव्हेंबरांतील, दुसरें मे महिन्यांतील. दुसऱ्या चित्रांतला काळा ठिपका पहिल्याच्या निम्माहि नव्हता. मला त्या मुलाची वही आठवली. आकाशांतील यंत्रानें तिच्यावर बरोबरची खूण केली होती, जी मीं करावयास हवी होती. आपल्या घरांतील मूल नकाशांत नसलेलें कांहीं पाहून आलें, तर त्याला खोडरबर देण्यापूर्वीं त्याच्याबरोबर तळ्यापर्यंत जाऊन या, एवढीच विनंती.